पटावरचें मूल : जपान व भारत येथील शिशुशाळांचे आंकडे

रोवण्याच्या दिवसांत नागभीडच्या बाजूस जो कोणी आला असेल, त्यानें एक दृश्य हमखास पाहिलें असेल. आषाढाचा पाऊस, बांध्यांत गुडघ्याएवढा चिखल, त्यांत वांकून रोवणा करणाऱ्या बायकांची रांग, आणि धुऱ्याच्या कडेला मोहाच्या झाडाखालीं लुगड्याची एक झोळी. झोळींत तान्हें मूल, झोळीची दोरी हातांत धरून बसलेली आठ-नऊ वर्षांची त्याची बहीण, आणि त्या दोघांच्या मधल्या वयाचा, चार वर्षांचा एक भाऊ पाण्यांत खेळतांना. ह्या मुलीचें नांव त्या घटकेला शाळेच्या पटावर असतें. चार वर्षांच्या भावाचें नांव अंगणवाडीच्या पटावर असतें. दोघेंहि पटावर आहेत आणि दोघेंहि धुऱ्यावर आहेत.

आज मला जें सांगावयाचें आहे तें ह्या दोन गोष्टींतील अंतराविषयीं आहे. विषय आंकड्यांचा असल्यामुळें आरंभींच क्षमा मागतों. आंकडे डोळ्यांनीं वाचण्यासाठीं असतात, कानानें ऐकण्यासाठीं नव्हेत. म्हणून मी ते थोडेच देणार आहें.

शाळेंत जाण्यापूर्वींच्या वयाचीं, म्हणजे तीन ते सहा वर्षांचीं किती मुलें एखाद्या देशांत शिशुशाळेंत जातात, हें पाहून त्या देशाची प्रगति मोजण्याची रीति आतां सर्वत्र रूढ झाली आहे. आपल्याकडे अशी तुलना करावयाची झाली कीं पूर्वीं इंग्लंडकडे पाहण्याचा प्रघात होता. 1944 सालीं सार्जंट ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली शिक्षणाची योजना निघाली. इंग्लंडनें 1939 पर्यंत जी मजल गांठली होती, ती हिंदुस्थानानें चाळीस वर्षांत गांठावी, असा तिचा हिशोब होता. तीन ते सहा वर्षांच्या दहा लक्ष मुलांसाठीं शिशुशाळांची सोय करावी, असें त्या योजनेंत सुचविलें होतें. दहा लक्ष हा आंकडा त्या काळीं फार मोठा वाटला असेल. एवढ्या विस्तीर्ण देशांत तो किती अपुरा होता, हें आज निराळें सांगावयास नको.

मला मात्र इंग्लंडपेक्षां जपान अधिक जवळचा वाटतो. कारण साधें आहे. जपान हा भाताचा देश, आणि आमची झाडीपट्टी हीहि भाताचीच. चिखलांत वांकून धानाची रोपें लावणाऱ्या बाईच्या लेंकराचें काय करावयाचें, हा प्रश्न जसा नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही ह्या तालुक्यांना पडला, तसाच तो तिकडच्या खेड्यांनाहि पडला होता. गव्हाच्या किंवा गिरणीच्या देशाशीं तुलना करण्यापेक्षां ही तुलना आपल्याला अधिक कांहीं शिकवील, असें मला वाटतें.

जपानांत पहिलें सरकारी बालोद्यान 1876 सालीं तोकियो येथील स्त्रियांच्या अध्यापनशाळेला जोडून निघालें. तिकडे त्यास योचिएन म्हणतात. जर्मनींतील फ्रोबेलच्या पद्धतीवर तें आखलेलें होतें. तेथें येणारीं मुलें बहुतेक वरिष्ठ घराण्यांतील होतीं, आणि पुढें पुष्कळ वर्षें बालोद्यान ही सुखवस्तु लोकांचीच गोष्ट राहिली. ह्या इतिहासांत मला विशेष रस वाटतो तो दुसऱ्याच एका धाग्याचा. 1890 सालीं निइगाता शहरांत अकाझावा नांवाचे एक गृहस्थ व त्यांची पत्नी एक खासगी शाळा चालवीत होते. त्यांच्या शाळेंत येणाऱ्या गरीब मुली पाठीवर धाकटीं भावंडें बांधून येत. तीं भावंडें वर्गांत रडत, धड्यांत व्यत्यय येई. त्या पतिपत्नींनीं काय केलें, तर एका निराळ्या खोलींत त्या लहान मुलांना घेऊन बसण्याची व्यवस्था केली, आणि मोठ्या मुली वर्गांत बसूं लागल्या. जपानांतील पाळणाघरांच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथून सांगतात.

ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां मला लाज वाटली, हें कबूल केलें पाहिजे. पन्नासएक वर्षांपूर्वीं मी ह्याच तालुक्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. तिसरींतील एक मुलगी रोज कडेवर भाऊ घेऊन येई. तें मूल पाटी ओढी, शाई सांडी, मध्येंच रडूं लागे. एके दिवशीं मीं तिला सांगितलें, "ह्याला घरीं ठेवून ये." ती गेली, आणि परत आली नाहीं. हजेरींत मीं कांहीं दिवस तिच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण केली व पुढें वर्ष संपतांना नांव कमी केलें. घरीं ठेवावयाला घरीं कोण होतें, हा प्रश्न मला त्या वेळीं सुचला नाहीं. शाळेला लागूनच एक पडवी होती. ती रिकामीच असे.

असो. त्याच सुमारास, म्हणजे 1890 च्या आसपास, जपानच्या तोत्तोरी प्रांतांतील एका खेड्यांत शेतीच्या हंगामापुरती मुलें सांभाळण्याची सोय निघाली. भाताच्या लावणीचे दिवस आले कीं ती उघडावयाची, लावणी संपली कीं बंद करावयाची. पुढें ही पद्धति खेडोपाडीं पसरली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अशा हंगामी शिशुगृहांची संख्या हजारोंवर गेली. देवळांत, शाळेंत, गांवच्या चावडींत तीं भरत. तेथें शिक्षण फारसें नसेल. पण आई चिखलांत असतांना मूल कोरड्या जागीं असे, आणि मोठी बहीण शाळेंत असे.

म्हणजे जपानांत प्रथमपासूनच दोन निरनिराळीं घरें होतीं. एक शिक्षणाचें, तें योचिएन. दुसरें सांभाळण्याचें, त्यास होइकुएन म्हणतात. 1947 सालीं तर कायद्यानेंच तीं वेगळीं केलीं. शाळाविषयक कायद्यानें बालोद्यान शिक्षणखात्याकडे गेलें, आणि बालकल्याणाच्या कायद्यानें पाळणागृह कल्याणखात्याकडे. बालोद्यानाचा दिवस साधारण चार तासांचा, पाळणागृहाचा आठ तासांचा. हे तास श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावे. आपल्या आंकड्यांचें कोडें त्यांनींच उलगडणार आहे.

आतां ते आंकडे. पहिलींत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकीं बालोद्यान पुरें करून आलेलीं मुलें किती, असें जपानांत मोजतात. 1950 सालीं तीं शंभरांत 9 होतीं. 1960 सालीं 29 झालीं, 1970 सालीं 54, आणि 1980 सालीं 64. तीस वर्षांत नवावरून चौसष्ट. युद्धानंतर देश सांवरला, खेड्यांतील माणसें शहरांत आलीं, बापाला महिन्याच्या पगाराची नोकरी मिळाली, आई घरीं राहिली, आणि मुलाला चार तास बालोद्यानांत धाडणें ही मध्यम स्थितींतील घराची रीत झाली. 1964 पासून तिकडच्या सरकारनेंहि सात वर्षांची योजना आंखून नवीं बालोद्यानें काढण्यास उत्तेजन दिलें.

पण 1980 नंतर हीच संख्या उतरूं लागली. 2000 सालीं ती 61 झाली, 2010 सालीं 56, आणि 2019 सालीं 43. हा एकच रकाना जर कोणी आपल्यापुढें ठेवला, तर आपण काय म्हणूं? जपानी लोकांचा शिशुशिक्षणावरील विश्वास उडाला असें म्हणूं. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. आज जपानांत पांच वर्षांचें जवळजवळ प्रत्येक मूल कोठेंना कोठें जातेंच. मुलें घरीं परत गेलेलीं नाहींत, तीं एका रकान्यांतून दुसऱ्या रकान्यांत गेलीं आहेत. आई कामावर जाऊं लागली तेव्हां चार तासांचें बालोद्यान तिला पुरेना, आठ तासांचें पाळणागृह हवेंसें झालें. शहरांतून पाळणागृहांपुढें प्रतीक्षेच्या याद्या लागल्या. 2017 सालीं अशा यादींत सव्वीस हजारांवर मुलें होतीं. 2006 पासून दोहोंचा संगम असलेलीं मिश्र केंद्रें निघालीं, 2019 च्या ऑक्टोबरपासून तीन ते पांच वर्षांच्या मुलांची फी माफ झाली, आणि 2023 सालीं मुलांसाठीं एक स्वतंत्र खातें निर्माण झालें. तरीहि बालोद्यानें शिक्षणखात्याकडेच राहिलीं. खात्यांच्या भिंती पाडणें हें जपान्यांनाहि पुरतें साधलेलें नाहीं, हें पाहून थोडें समाधान वाटतें. तें फारसें उदात्त नाहीं, हें मला ठाऊक आहे.

दुसरीहि एक गोष्ट तेथें घडली. 1949 सालीं जपानांत सुमारें सत्तावीस लक्ष मुलें जन्मलीं. 2023 सालीं सव्वासात लक्ष. शेंकड्याचें प्रमाण काढतांना खालीं जी संख्या असते ती अशी आटत गेली, तर शाळा ओस पडत असतांनाहि प्रमाण वाढल्याचें दिसूं शकतें. शेंकडेवारी ऐकतांना ती कशाची शेंकडेवारी, हें विचारावें, असें आम्ही मुलांना गणिताच्या तासाला सांगत असूं. मोठेपणीं तें आपण विसरतों.

आतां आपल्या देशाकडे वळूं. गिजुभाई बधेका ह्यांनीं भावनगरला 1920 सालीं बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक त्यांना पुढें येऊन मिळाल्या, आणि 1926 सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. योगायोग असा कीं त्याच वर्षीं जपानांत बालोद्यानांचा स्वतंत्र कायदा झाला. 1936 सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादरला शिशुविहार काढला. पण तीं सारीं शहरांतील मुलें. 1945 सालीं त्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथें मिळाल्या, आणि तेथें त्यांच्यापुढें तोच जुना प्रश्न उभा राहिला. बालवाडी उघडली तरी वारली पाड्यांवरचीं मुलें येत ना. आईबाप मजुरीला गेलेले, मोठी बहीण धाकट्यांना धरून बसलेली. तेव्हां मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा मुलांकडे न्यावी, असें ठरलें. बाई पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगणांत बसली, शिंपले, बिया, पानें, खडे हीच साधनें झालीं, आणि त्या अंगणावरून अंगणवाडी हा शब्द आला. 1957 सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. निइगाताच्या त्या पतिपत्नींची हकीकत ताराबाईंना ठाऊक होती कीं नव्हती, कोण जाणे. गरज सारखी असली म्हणजे उपायहि सारखेच सुचतात.

पुढें 2 ऑक्टोबर 1975 रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशांतील 33 ठिकाणीं सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. पण नांव तेंच राहिलें तरी काम पालटलें. कोसबाडची अंगणवाडी मुख्यतः शिक्षणाची होती. ह्या नव्या अंगणवाडीकडे खाऊ, वजन, लसीकरण, गरोदर स्त्रियांची विचारपूस आणि ह्या सर्वांच्या बरोबरीनें शिक्षण, असा सारा संसार आला. सर्वोच्च न्यायालयानें 2001 सालीं ही सेवा प्रत्येक वस्तीपर्यंत पोंचविण्याचा आदेश दिला, आणि 2006 सालीं केंद्रांची संख्या 14 लक्षांपर्यंत नेण्यास सांगितलें. आज ती जवळजवळ तेवढी झाली आहे. 2002 सालच्या घटनादुरुस्तीनें सहा वर्षांखालील मुलांचें संगोपन व शिक्षण हें राज्याच्या धोरणाचें एक तत्त्व म्हणून नमूद झालें. हक्क मात्र सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. 2020 च्या शिक्षणधोरणानें पहिलीपूर्वींचीं तीन वर्षें शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यांत घेतलीं.

ग्रामीण भागांत घरोघर जाऊन मुलें मोजणारें 'असर' हें सर्वेक्षण आहे. त्याचे आंकडे असे सांगतात कीं 2018 सालीं तीन वर्षांच्या शंभर मुलांपैकीं 68 कोणत्या ना कोणत्या शिशुशाळेच्या पटावर होतीं, 2024 सालीं 77. चार वर्षांच्या मुलांत हीच संख्या 76 वरून 83 वर गेली. आणि पांच वर्षांच्या मुलांत? 2018 सालीं 59 आणि 2024 सालीं 71. येथें कोणीहि चमकेल. चार वर्षांचीं 83 मुलें शिशुशाळेंत जातात आणि पांच वर्षांचीं 71 च, तर मधलीं बारा घरीं बसलीं कीं काय? तसें नाहीं. तीं पहिलींत गेलीं. सहा पुरीं होण्याआधींच मूल पहिलींत घालण्याची आपल्याकडे जुनी संवय आहे, आणि शिशुशाळेच्या रकान्यांतून तें मूल नाहींसें होतें. ही संवय कमी होत आहे म्हणूनहि पांच वर्षांचा आंकडा वाढतो आहे. त्या वाढींतील कांहीं भाग नव्यानें आलेल्या मुलांचा नसून, आपल्या वयाच्या वर्गांत राहिलेल्या मुलांचा आहे.

आपल्या महाराष्ट्रांत तर तीन वर्षांचीं मुलें बहुतेक सर्व पटावर आहेत. नागभीडच्या भागांत मीं पाहिलें त्याप्रमाणें कांहीं मुलें दोन पटांवरहि आहेत. सकाळीं गाडी येते, मूल गळ्यांत टाय बांधून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातें, आणि शिधा मिळावा म्हणून त्याचें नांव अंगणवाडींत राहतें. आईला मी दोष देत नाहीं. पण शाळांकडून गोळा केलेले आंकडे अशा मुलास दोनदां मोजतात, घराघरांतून गोळा केलेले एकदां मोजतात, आणि शाळेला जोडलेले शिशुवर्गच तेवढे मोजणारा तक्ता घेतला, तर अंगणवाडींतील लक्षावधि मुलें त्यांत मुळींच नसतात. ज्याला भारत मागासलेला दाखवावयाचा असेल त्यानें हा शेवटचा तक्ता घ्यावा. ज्याला पुढारलेला दाखवावयाचा असेल त्यानें पहिला. दोघेंहि खोटें बोलत नसतील.

ह्याच तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले होते. 1983 च्या सुमारास शेतांत वेगळ्या दिसणाऱ्या कांहीं लोंब्या त्यांनीं निवडल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षें पारखल्या, आणि एच.एम.टी. नांवाचें तांदुळाचें वाण सिद्ध केलें. एका बांधींतील पीक दुसरींत मिसळूं द्यावयाचें नाहीं, हें त्यांच्या साऱ्या खटपटीचें मर्म होतें. आंकड्यांच्या बाबतींत इतकी दक्षता आमच्या कचेऱ्यांतून दिसली असती, तर ह्या भाषणाची गरजच पडली नसती.

तर मग दोन देशांची तुलना कशी करावयाची? नुसता पट पाहिला, तर 1950 च्या सुमारास दोघेंहि जवळजवळ रिकाम्या हातांनीं उभे होते. 1975 सालीं आपण 33 ठिकाणीं आरंभ करीत होतों, तेव्हां जपानांत दर पांच मुलांतील तीन बालोद्यानांतून जात होतीं. आज दोन्हीकडचे पट भरत आले आहेत. येथपर्यंत ऐकून आपण बरोबरीला आलों, असें वाटूं शकेल. पण पटाच्या मागें दोन गोष्टी असतात, बाई आणि तास. जपानच्या पाळणागृहांत चार-पांच वर्षांच्या तीस मुलांमागें एक शिक्षिका हा नियम 1948 पासून होता. तो अपुरा आहे अशी ओरड होऊन 2024 सालीं पंचवीस मुलांमागें एक असा झाला. आपल्याकडे एक सेविका व एक मदतनीस मिळून शिकवावयाचें, शिजवावयाचें, वजनें घ्यावयाचीं, घरोघर फिरावयाचें आणि हें सारें मोबाइलवर भरावयाचें, आणि तें मानधनावर. सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हें ठरण्यास 2022 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला. 2023 च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांतील सेविकांनीं जो संप केला तो पुढील जानेवारींतहि चालू होता. त्या दिवसांत पट भरलेलाच होता, अंगणवाड्यांना कुलुपें होतीं.

राहिले तास. आमच्याकडे वर्षाचे तीन हंगाम असे आहेत कीं आई पहांटे घर सोडते. चैत्राच्या तोंडाशीं मोहफुलें, वैशाखांत तेंदूचीं पानें आणि फळीवरची रांग, आषाढांत रोवणा. त्या दिवसांत अंगणवाडी उघडण्याच्या कितीतरी आधीं घर रिकामें होतें, आणि ती बंद झाल्यावरहि पुष्कळ वेळ रिकामेंच असतें. त्यांतून हा ब्रह्मपुरी वनविभागाचा मुलूख. वाघाच्या भीतीनें मुलांना पायवाटेनें एकटें धाडणें कोणालाहि धजत नाहीं. म्हणून मूल आईबरोबर धुऱ्यावर जातें, आणि तेथें तें सांभाळण्यासाठीं बहीण जाते. दिवसभराच्या पाळणाघराची 'पालना' नांवाची सरकारी योजना 2022 पासून आहे, व अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद तिच्यांत आहे. ती ह्या भाताच्या पट्ट्यांत रोवण्याच्या तीन-चार आठवड्यांपुरती जरी प्रत्येक गांवीं आली, तरी तोत्तोरीच्या त्या खेड्यानें 1890 च्या सुमारास जें केलें तें आपण केलें, असें म्हणतां येईल. खर्च फार नाहीं. सेविकेच्या मदतीला गांवांतील एक वृद्ध बाई, एक अधिक वेळचें जेवण, आणि उघडण्याची वेळ पहांटे सहाची.

गेल्या रोवण्यांत मी एका अंगणवाडींत जाऊन बसलों होतों. पट बावीसचा. सकाळीं गेलों तेव्हां मुलें नऊ होतीं. खिचडी उतरली तेव्हां तीं सतरा झालीं. कांहीं डबा घेऊन आलीं होतीं, कांहींच्या डब्यासाठीं बहिणी आल्या होत्या आणि भावंडाला उंबऱ्याशीं उभें करून वाट पाहत होत्या. जेवणें झाल्यावर अर्ध्या तासानें पुन्हां मोजलीं, तों सहा. सेविका बाई मोबाइल घेऊन बसल्या होत्या. त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, ह्यांतला कोणता भरूं?" मीं कांहीं बोलण्याच्या आधींच त्यांनीं सतरा भरले, आणि भांडीं घासावयास गेल्या. उंबऱ्यावर एक मुलगी अजून उभी होती, कडेवर भाऊ घेऊन. तिची शाळा पलीकडच्या वाड्यांतच भरली होती, आणि पाढे म्हटलेले तेथपर्यंत ऐकूं येत होते.